आजारी इग्वाना आणि पाळीव सरड्यांची शुश्रूषा: मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या घरांत हिरवा इग्वाना, बिअर्डेड ड्रॅगन आणि लेपर्ड गेको हे तीन सरडे सर्वाधिक दिसतात, म्हणून उत्तरं त्यांना धरून दिली आहेत. प्राणी आत्ता थरथरत असेल, झटके येत असतील किंवा मान उचलत नसेल तर बाकीचं नंतर वाचा. आधी पाचवा आणि सहावा प्रश्न बघा आणि निघा.

१. आमच्या इग्वानाचा जबडा हाताला मऊ लागतो, मागचे पाय सुजून टणक झालेत, आणि तो पोट जमिनीला घासत चालतो. पाय सुजलेत म्हणजे तब्येत धरली आहे ना?

नाही. ही सूज म्हणजे मांस नव्हे. हाड कमकुवत झालं की शरीर त्याच्याभोवती तंतुमय ऊती रचून त्याला आधार द्यायला बघतं, त्यामुळे मांड्या गुबगुबीत आणि घट्ट लागतात. कुशीवर बरगड्या आणि कण्याची कड दिसत असताना पाय मात्र भरलेले दिसतात, हे या आजाराचं अगदी ओळखीचं चित्र आहे. पशुवैद्य याला मेटॅबोलिक बोन डिसीज म्हणतात, थोडक्यात एमबीडी. शरीराला कॅल्शियम पुरेनासं झालं की तो होतो. मऊ किंवा आखूड झालेला खालचा जबडा, बोटांची थरथर, कण्याला किंवा शेपटीला आलेला बाक, उडी मारताना चुकणारा अंदाज, बद्धकोष्ठता ही त्याचीच लक्षणं. वाढत्या वयाच्या पिल्लांत आणि अंडी धरलेल्या माद्यांत तो लवकर उतरतो.

लोक म्हणतात, "परवापर्यंत ठणठणीत होता." तसं नसतं. सरपटणारा प्राणी दुखणं शक्य तितके दिवस लपवतो. जबडा मऊ लागेपर्यंत आजाराला महिने झालेले असतात.

२. आम्ही त्याला भरपूर खायला घालतो, वर कॅल्शियमची पावडरही भुरभुरतो. मग कॅल्शियम कमी कसं पडलं?

बहुतेक घरांत गोष्ट इथेच अडते. पोटात गेलेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात यायला ड-३ जीवनसत्त्व लागतं. इग्वाना किंवा बिअर्डेड ड्रॅगन ते मुख्यतः स्वतःच्या कातडीत तयार करतो, आणि त्यासाठी त्याच्या अंगावर यूव्हीबी, म्हणजे उन्हातले एका प्रकारचे अतिनील किरण पडावे लागतात. हे किरण साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे असतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. ते पडले की कातडीत ड-३ची कच्ची अवस्था बनते, अंगाच्या उष्णतेने तिचं ड-३ होतं, आणि पुढे यकृत व मूत्रपिंड त्याला कामाचं रूप देतात. म्हणजे प्रकाश हवा, ऊब हवी आणि अन्न हवं. तिन्हींपैकी एक नसलं तर बाकीची दोन वाया जातात.

रक्तात कॅल्शियम कमी पडून चालत नाही. हृदय आणि स्नायू त्याच्यावर चालतात. त्यामुळे रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून ते काढून घ्यायला लागतात, अडीअडचणीला घरातलं सोनं मोडावं तसं. सोनं मोडून घर चालू असतं तोवर बाहेरच्याला काही कळत नाही. रक्ततपासणीतही एकूण कॅल्शियम बराच काळ ठीक येऊ शकतं. हाडं रिकामी झाली की मग थरथर सुरू होते.

म्हणूनच पावडरचा डबा बदलून हा आजार हटत नाही. दिवा आणि ऊब बदलावी लागते.

३. पेटी खिडकीशी ठेवली आहे, रोज दोन तास ऊन येतं. तेवढं पुरत नाही का?

काचेतून येत असेल तर नाही. खिडकीची साधी काच जवळजवळ सगळा यूव्हीबी अडवते. उजेड आणि उष्णता आत येते, कामाचे किरण बाहेरच राहतात. उलट काचेच्या पेटीवर थेट ऊन पडलं तर ती थोड्या वेळात भट्टीसारखी तापते आणि आतला प्राणी मरू शकतो. पेटी आजच खिडकीतून हलवा.

४. डॉक्टरांची वेळ उद्याची मिळाली आहे. आज रात्री घरी काय करू?

आधी उंची काढून टाका. फांद्या, दगड, झोका, चढायची जाळी, जे काही असेल ते बाहेर. अशक्त हाड वीतभर उंचीवरून पडूनही मोडतं. तळाला जुना स्वच्छ टॉवेल किंवा वर्तमानपत्र घाला. वाळू, लाकडाचा भुसा, दगडी खडे नकोत.

मग ऊब. थंड पडलेल्या सरड्याला अन्न पचत नाही, ते पोटात कुजतं. दिवसा पेटीतलं एक टोक त्याच्या जातीला हवं तितकं गरम आणि दुसरं त्याहून गार ठेवा, आकडे बाराव्या प्रश्नात दिले आहेत. रात्री काहीच साधन नसेल तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून पेटीच्या एका बाजूला ठेवा. प्राण्याला सरकून दूर जाता आलं पाहिजे. खोलीतला एसी बंद.

मग पाणी. डोळे खोल गेले असतील आणि तोंडातली लाळ चिकट दिसत असेल तर शरीर कोरडं पडलं आहे. कोमट, साधारण ३० अंशांच्या पाण्यात, कोपरापर्यंत बुडेल इतक्याच पातळीत, पंधरा-वीस मिनिटं बसवा. अशक्त वाटत असेल तर हाताचा आधार द्या आणि क्षणभरही उठून जाऊ नका. पुष्कळ इग्वाना अशा वेळी आपणहून पाणी पितात. नंतर कोरडं पुसून पुन्हा उबेत ठेवा.

उचलताना दोन्ही तळवे पोटाखाली आणि छातीखाली, चारही पायांना आधार. शेपटी धरायची नाही, फांदीला धरलेला असेल तर ओढायचा नाही, एकेक नख सोडवायचं.

तोंड उघडून चमच्याने किंवा सिरिंजने भरवू नका. मऊ जबडा अशाच वेळी मोडतो, आणि पातळ अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. भरवायची गरज पडली तर डॉक्टरांकडून हाताला हात लावून शिकून घ्या. घरचे मायेपोटी घाई करतात हे समजतं, पण एक रात्र उपाशी राहण्याने सरडा मरत नाही.

५. कोणती लक्षणं दिसली तर उद्यापर्यंतही थांबायचं नाही?

झटके, सतत थरथर, मान न उचलणं, मागचे पाय ओढत चालणं, हाड मोडल्याची शंका, तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, गुदद्वारातून लालसर मांसल भाग बाहेर येणं, पोट फुगलेल्या मादीने अचानक खाणं आणि हालचाल थांबवणं. बाहेर आलेला भाग कोरडा पडू देऊ नका. सलाइनमध्ये भिजवलेल्या स्वच्छ गॉझने झाकून निघा, स्वतः आत ढकलू नका.

६. मुंबईत सरड्याला दाखवायचं कुठे?

कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत. सरपटणाऱ्यांवर हात बसलेले कमी आहेत, पण आहेत. परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १८८६पासूनचं, आणि त्याच आवारात बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय. खाजगी दवाखान्यांत ‘एक्झॉटिक’, म्हणजे कुत्र्या-मांजरांपलीकडचे प्राणी बघणारे डॉक्टर उपनगरांतही मिळतात. कुठेही जायच्या आधी फोन करा आणि नेमकं विचारा: सरडे बघणारे डॉक्टर आज आहेत का, त्याचा एक्स-रे निघेल का, गरज पडली तर दाखल करून घ्याल का. या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरूनच कळतं.

जाताना मोबाईलमध्ये पेटीचा फोटो घ्या, दिव्याच्या खोक्याचा फोटो घ्या, तो दिवा कधी आणला ते आठवून लिहा. गेल्या महिन्यात काय खाल्लं त्याची खरी यादी करा. ताजी विष्ठा मिळाली तर झाकणाच्या डबीत न्या, जंत तपासता येतात. डॉक्टर रागावतील म्हणून काही लपवू नका. उपचार या माहितीवरच ठरतात.

नेताना भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका किंवा मांजराची बास्केट, आत टॉवेल. गर्दीच्या लोकलमध्ये धक्के लागतात आणि मोडलेलं हाड सरकतं, तेव्हा रिक्षा-टॅक्सी परवडत असेल तर तीच करा आणि एसी बंद करायला सांगा.

तिथे बहुधा एक्स-रे निघेल. निरोगी हाड त्यात पांढरं उठून दिसतं, आजारी हाड फिकट, जवळजवळ मांसासारखंच. झटके येत असतील तर कॅल्शियम ग्लुकोनेटचं इंजेक्शन आणि सलाइन दिलं जातं, नंतर घरी द्यायला तोंडावाटेचं कॅल्शियम. मात्रा वजनावर ठरते, तेव्हा ती इंटरनेटवरून घेऊ नका.

७. घरात आजीसाठी आणलेल्या ड जीवनसत्त्वाच्या पुड्या आहेत. त्यातली थोडी दिली तर?

कृपया देऊ नका. आपल्याकडे मिळणारी ती पुडी बहुधा ६०,००० युनिटची असते आणि मोठ्या माणसाने आठवड्यातून एकदा घ्यायची असते. काहीशे ग्रॅम वजनाच्या प्राण्याला तिची चिमूटही फार होऊ शकते. कातडीत उन्हाने बनणाऱ्या ड-३वर शरीराचा ताबा असतो, पोटात गेलेल्यावर नसतो. ते जास्त झालं की कॅल्शियम रक्तवाहिन्यांत आणि मूत्रपिंडात साचतं, आणि ते परत काढता येत नाही. मुलांचं कॅल्शियमचं सिरप, पॅरासिटामॉल, कोंबड्यांना देतात ते प्रतिजैविक, दूध, पनीर यांनाही तेच उत्तर.

८. नक्की कोणता दिवा घ्यायचा?

दोन कामं, दोन दिवे, हे आधी पक्कं करा. शेकायला उष्णतेचा दिवा वेगळा आणि यूव्हीबीची ट्यूब वेगळी.

यूव्हीबीसाठी सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीच बनवलेली लांब ट्यूब घ्या, टी-५ एचओ प्रकारची (बारीक आणि जास्त ताकदीची), पेटीच्या निम्म्या ते पाऊण लांबीची. पिळदार छोटा बल्ब स्वस्त पडतो, पण त्याचा झोत एवढासा असतो आणि मोठ्या अंगाच्या इग्वानाला पुरत नाही. ट्यूबवर यूव्हीबीचं प्रमाण लिहिलेलं असतं. इग्वाना आणि बिअर्डेड ड्रॅगनला १० ते १२ टक्क्यांची लागते, लेपर्ड गेकोला ५ ते ७ टक्क्यांची पुरते, कारण तो संधिप्रकाशात वावरणारा आणि दिवसा बिळात राहणारा प्राणी आहे. त्याच्या पेटीत भरपूर आडोसा हवाच.

अंतरावर सगळं अवलंबून असतं. १० ते १२ टक्क्यांची टी-५ ट्यूब प्राण्याच्या पाठीपासून साधारण ३० ते ४५ सेंटिमीटरवर ठेवतात. मधे बारीक जाळी आली तर तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक किरण ती खाते. काच किंवा अ‍ॅक्रिलिक आलं तर जवळजवळ सगळेच. उत्पादकाने खोक्यावर छापलेला अंतराचा तक्ता असतो, तो कापून पेटीवर चिकटवा. यूव्ही निर्देशांक, म्हणजे किरणांचा जोर मोजणारं हातातलं मीटर मिळतं, महाग आहे. ओळखीच्या दोन-चार पाळकांनी मिळून घेतलं तर सगळ्यांचे प्राणी वाचतात. शेकायच्या जागी इग्वाना किंवा बिअर्डेड ड्रॅगनच्या पाठीच्या उंचीवर निर्देशांक ३ ते ४ च्या आसपास असावा.

आणि हे लिहून ठेवा: ट्यूब पेटते म्हणजे यूव्हीबी देते असं नाही. पांढरा उजेड वर्षानुवर्षं राहतो, यूव्हीबी आधीच ओसरतो. टी-५ साधारण वर्षाने, जुन्या जाड टी-८ ट्यूब सहा महिन्यांनी बदलायच्या. आणल्या दिवशी ट्यूबच्या टोकाला मार्करने तारीख घाला. दिवसा १२ तास चालू, रात्री पूर्ण अंधार. लाल-निळे ‘नाइट’ बल्ब नकोत, टायमर मात्र जरूर लावा.

९. लोहार चाळीत ‘यूव्ही’ लिहिलेले दिवे निम्म्या किमतीत मिळतात. ते चालतील?

ते दुसऱ्या कामाचे असतात. पाणी शुद्ध करणारा किंवा जंतू मारणारा दिवा यूव्हीसी सोडतो, त्याने प्राण्याचे आणि तुमचेही डोळे व कातडी भाजते. नोटा तपासायचा किंवा पार्टीत लावतात तो जांभळा दिवा यूव्हीए देतो, हाडांना त्याचा उपयोग नाही. माशांच्या टाकीची आणि झाडं वाढवायची एलईडी नुसती उजेडाची. लोहार चाळीतून टायमर, चिनीमातीचे होल्डर आणि चांगली वायर आणा. दिवा मात्र खोक्यावर सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचं यूव्हीबी प्रमाण लिहिलेलाच घ्या.

१०. मग गॅलरीतलं खरं ऊन?

त्याच्या तोडीचा दिवा अजून बनलेला नाही. मुंबई १९ अंश अक्षांशावर आहे, वर्षातले आठ महिने आपल्याला फुकट औषध मिळतं, आणि ते घ्यावं. सकाळी साडेआठ ते दहाच्या सुमारास, तारेच्या मजबूत पिंजऱ्यात, निम्म्या भागावर ओल्या टॉवेलची सावली करून. आजारी प्राण्याला सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटं पुरे, मग सोसेल तसं वाढवा. तोंड उघडून धापा टाकायला लागला की लगेच सावलीत. एप्रिल-मेमध्ये साडेनऊनंतर बाहेर नको.

पिंजऱ्याला कडी हवी आणि शेजारी माणूस हवं. कावळे आणि घारी गॅलरीच्या कठड्यापर्यंत येतात. ग्रिलच्या गजांतून लेपर्ड गेको सहज निसटतो. आणि ऊब आलेला इग्वाना ‘आजारी’ राहत नाही, क्षणात उडी घेतो. आठव्या मजल्यावरून.

११. आमचं घर वन बीएचके आहे. दोन फुटी फिश टँक किती दिवस पुरेल?

लेपर्ड गेकोला तीन फूट लांब पेटी हवी, ती कुठल्याही घरात मावते. बिअर्डेड ड्रॅगनला चार फूट लांब, दोन फूट रुंद. इग्वानाचं मात्र स्पष्टच सांगायला हवं. दुकानात वीतभर दिसणारं ते हिरवं पिल्लू शेपटीसकट दीड मीटर होतं, कधी त्याहूनही मोठं, आणि नीट सांभाळलं तर पंधरा-वीस वर्षं जगतं. तो झाडावर राहणारा प्राणी आहे. त्याला सहा फूट उंच, सहा फूट लांब, तीन फूट खोल अशी जागा लागते, म्हणजे एका कपाटाची भिंत. काही मुंबईकरांनी जुन्या कपाटाची दारं काढून, जाळी बसवून, आतून पाणी न धरणारा रंग देऊन उत्तम पिंजरे केले आहेत. बंद गॅलरीही चालते, फक्त काचेमागचं ऊन मोजायचं नाही.

आजारपणात मात्र लहान आणि बुटकी पेटीच बरी. हाडं भरली की मोठ्या जागेत न्यायचं.

१२. मुंबईत बाराही महिने उकडतं. वेगळी उष्णता कशाला?

उकाडा आणि शेकायची जागा या वेगळ्या गोष्टी आहेत. इग्वानाला दिवसा शेकायला ३५ ते ३८ अंशांची एक जागा हवी आणि बाकी पेटी २७ ते ३२. बिअर्डेड ड्रॅगनला शेकायला ३८ ते ४२, गार टोक २४ ते २७. लेपर्ड गेकोला उबदार टोकाची जमीन ३१ ते ३३. आपल्या घरात पंख्याखाली २८-२९ असतं, ते यांना पचनापुरतंही पडत नाही. आणि जानेवारीत मुंबईची रात्र कधीकधी १६-१७ अंशांवर येते. इग्वानाला रात्री २३ च्या खाली जाऊ देऊ नका, उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवर लावा.

गरम होणारे कृत्रिम दगड मिळतात. घेऊ नका. सरड्याला पोटाखालचा चटका वेळेत कळत नाही, भाजून जखमा होतात. दिव्यालाही जाळीचं आवरण हवं. आणि तापमान अंदाजाने नको, दोन टोकांना दोन डिजिटल थर्मामीटर.

१३. पावसाळ्यात प्राणी हमखास आजारी पडतो. का?

जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर राहते. इग्वानाला ती मानवते. बिअर्डेड ड्रॅगन ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातला, त्याला तीस-चाळीस टक्क्यांची सवय. ओल आणि गारठा एकत्र आले की त्याला छातीचा संसर्ग होतो: नाकाशी बुडबुडे, घशातून टकटक आवाज, तोंड उघडं. त्याच्या पेटीला वर जाळी आणि बाजूंना झरोके ठेवा, पाण्याचं भांडं गार टोकाला, शेकायचा दिवा नियमित. खोलीत एसीचा ड्राय मोड दिवसातून थोडा वेळ चालवला तर फरक पडतो, फक्त वारा पेटीवर येऊ देऊ नका. तळाचा कागद रोज बदला. पोटाच्या खवल्यांवर तपकिरी डाग दिसले तर डॉक्टरांना दाखवा, ओलीने खवले सडतात.

आणखी एक. जूनपासून गॅलरीतलं ऊन बंद होतं. उन्हाच्या भरवशावर ट्यूब न बदललेल्या घरांत गणपतीच्या सुमारास पाय थरथरू लागतात. नवी ट्यूब मे अखेरीस लावा.

१४. आजारी इग्वानाला काय खायला द्यावं?

तो पूर्ण शाकाहारी आहे. अंडं, कुत्र्याचं खाणं, कीटक यांनी वजन वाढतं आणि मूत्रपिंड जातं.

आपल्या बाजारात त्याच्यासाठी सोनं आहे: शेवग्याचा पाला. कॅल्शियम भरपूर, फॉस्फरस बेताचा. अन्नात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट असावं असं धरतात. त्याच्या जोडीला जास्वंदीची पानं-फुलं, तुतीची पानं, मोहरीचा आणि सलगमचा पाला, किसलेला लाल भोपळा, दुधी, फरसबी. पपई किंवा अंजिराचा तुकडा अधूनमधून, चव म्हणून.

पालक, माठ, चाकवत, अळू रोज नकोत. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं, म्हणजे हिरवी भाजी खाऊनही हाडं उपाशी. कोबी-फ्लॉवर क्वचित. काकडी आणि लेट्यूसमध्ये पाण्याशिवाय फारसं काही नाही, आणि ‘तो फक्त काकडीच खातो’ म्हणणाऱ्या घरांतच हा आजार फार दिसतो. सवय मोडायला वेळ लागतो: काकडी बारीक किसून त्यात शेवगा मिसळा, दर आठवड्याला काकडी कमी करा. पाला वाहत्या पाण्यात दोन-तीनदा धुवा. जास्वंद सोसायटीच्या बागेतली असेल तर माळ्याला फवारणीचं विचारा.

पावडर डॉक्टर सांगतील ती आणि तितकीच. त्यात फॉस्फरस नसावा.

१५. गेको आणि बिअर्डेड ड्रॅगनसाठी घरातली झुरळं पकडून दिली तर?

पेस्ट कंट्रोल झालेल्या इमारतीतलं झुरळ म्हणजे विषाची गोळी. पाळलेले नाकतोडे किंवा रातकिडे, डुबिया झुरळं आणा, एक दिवस त्यांना पालेभाजी आणि गाजर खाऊ घाला, मग कॅल्शियम पावडरीत घोळवून द्या. मीलवर्म (दुकानात मिळणाऱ्या अळ्या) एकटे पुरत नाहीत. कीटक सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. काजवे चुकूनही नाहीत, एकाच काजव्याने बिअर्डेड ड्रॅगन मेल्याच्या नोंदी आहेत.

१६. बोटांवर जुनी कात अडकून बसली आहे. ओढून काढू?

नाही. कोमट पाण्यात बसवा, ओल्या मऊ कपड्यावर चालू द्या, मग कापसाच्या काडीने हलके चोळा. निघाली नाही तर उद्या पुन्हा. तशीच राहिली तर बोट आवळून झडतं. गेकोच्या पेटीत ओलं शेवाळ भरलेली, आत शिरायला भोक असलेली एक डबी ठेवली की हा प्रश्न बहुधा येत नाही.

१७. बरा होईल का? किती दिवस लागतील?

वेळेत उपचार, दिवा आणि ऊब मिळाली तर बहुतेक प्राणी सावरतात. थरथर थांबणं आणि भूक परतणं हे आधी होतं, काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत. जबडा घट्ट व्हायला महिने लागतात, एक्स-रेत हाड भरलेलं दिसायला अनेक महिने. त्यामुळे डोळ्यांना बरा दिसला म्हणून औषध सोडू नका आणि फांद्या परत लावू नका. दर रविवारी स्वयंपाकघरातल्यासारख्या डिजिटल काट्यावर (त्याच काट्यावर नव्हे) वजन करा आणि लिहा. वजन खोटं बोलत नाही, आपले डोळे मायेने बोलतात.

वाकलेला कणा आणि आखूड झालेला जबडा सरळ होत नाही. तसे प्राणी वर्षानुवर्षं छान जगतात: बुटक्या रुंद फांद्या, बारीक चिरलेला पाला, भांड्याला कमी उंचीची कड, एवढं केलं की झालं.

काही मात्र फार उशिरा पोचतात. कणा मोडून मागचं अंग गेलं, मलमूत्रावर ताबा राहिला नाही, खाणं पूर्ण थांबलं, तर डॉक्टर शांतपणे मरण देण्याचा पर्याय सांगतात. तो ऐकून घ्या. भूल देऊनच ते केलं जातं, त्याला वेदना होत नाही. असा निर्णय घेणाऱ्याचं प्रेम कमी नसतं.

१८. घरात दोन वर्षांचं मूल आहे. धोका?

सरड्यांच्या आतड्यात साल्मोनेला जिवाणू सहज असतात, निरोगी प्राण्यातही. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई आणि फार वृद्ध माणसं यांनी हाताळू नये. पेटी आणि भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायची नाहीत, अंघोळीचं टब त्याचं वेगळं. प्रत्येक वेळी साबणाने हात. एवढं पाळलं तर दोघं एका घरात राहू शकतात.

१९. कागदपत्रं नाहीत म्हणून डॉक्टरांकडे जायला भीती वाटते.

प्राण्याचा उपचार त्यासाठी अडवू नका. कायदा मात्र समजून घ्या. हिरवा इग्वाना साइटिस या वन्यजीवांच्या व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली आणि अशा परदेशी प्रजातींची नोंद बंधनकारक ठरली. त्याचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आले. नोंदणी केंद्राच्या परिवेश पोर्टलवर होते. प्राणी दुसऱ्याला देणं, पिल्लं होणं, मरणं हेही कळवायचं असतं.

आपल्याकडची घोरपड, सांडा किंवा रानातून आणलेला घोयरा सरडा यांची गोष्ट वेगळी. ते वन्यजीव आहेत, घरात ठेवणं गुन्हा आहे. जखमी सापडला तर वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा.

२०. आता सांभाळणं झेपत नाही. आरेच्या जंगलात किंवा बोरिवलीच्या नॅशनल पार्कात सोडला तर मोकळा तरी राहील?

राहणार नाही. आजारी असेल तर कुत्री आणि घारी त्याला त्याच दिवशी संपवतील. निरोगी असेल तर आणखी वाईट: अमेरिकेच्या फ्लोरिडात आणि पोर्तो रिकोत सोडलेल्या-सुटलेल्या इग्वानांनी तिथली शेती आणि बागा खाल्ल्या, आणि आज तिथली सरकारं त्यांच्याशी झगडताहेत. शिवाय आपले सरडे आधीच कमी जागेत तगून आहेत, त्यांना परके जंतू नकोत. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारा, त्यांना जबाबदार पाळक माहीत असतात. प्राणी देताना दिवे, पेटी, औषधांची वही सगळं सोबत द्या, आणि नोंद बदला.

२१. गणपतीला आठ दिवस कोकणात जायचं आहे. प्राणी अजून औषधावर आहे. काय करावं?

गाडीतून नेऊ नका. बारा-चौदा तासांचा प्रवास, खड्डे आणि गावचा पाऊस त्याच्या हाडांना झेपणार नाही. तुमच्या डॉक्टरांकडे ठेवून घेण्याची सोय आहे का ते महिनाभर आधी विचारा, सणात जागा भरतात. नाहीतर शेजारच्या एखाद्या समंजस माणसाला आधी दोन दिवस घरी बोलावून सगळं करून दाखवा. औषधाच्या मात्रा रोजच्या वेगवेगळ्या सिरिंजमध्ये भरता येतील का ते डॉक्टरांना विचारा, सगळीच औषधं तशी ठेवता येत नाहीत. पाला धुऊन, कोरडा करून, चार दिवसांपुरता फ्रिजमध्ये ठेवा, पुढच्या दिवसांसाठी भाजीवाल्याला सांगून ठेवा. टायमर तपासा, फ्यूज तपासा. डॉक्टरांचा नंबर, तुमचा नंबर आणि पाचव्या प्रश्नातली लक्षणं मोठ्या अक्षरांत लिहून पेटीवर लावा. रोज सकाळी शेकायला बसलेल्या प्राण्याचा एक व्हिडिओ पाठवायला सांगा. फोटोत थरथर दिसत नाही.